जर्मन गाडीची दृष्ट

रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या डोक्याशी जे लाल पसरलं होतं, त्यातलं कुंकू कोणतं आणि रक्त कोणतं, हे मला कळेना. कुंकू मीच कालवून कोहळ्यात भरलं होतं. दहा मिनिटांपूर्वी कोहळाही मीच फोडला होता. त्याच्या फोडीवरून त्या माणसाची मोटारसायकल घसरली. हँडलला अडकवलेली चुरमुऱ्यांची पिशवी फाटली आणि चुरमुरे सगळीकडे उडाले. हेल्मेट आरशाला टांगलेलं होतं, ते धड राहिलं. माणूस उताणा पडला होता. डोळे अर्धे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. आणि आमच्या दारात, झेंडूची माळ घालून, नातवाची जर्मन गाडी उभी होती. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

ही गाडी बघायलाच मी बार्शीहून चेन्नईला गेले होते.

सोलापूरला रेल्वेत बसले. रात्र झोपेत गेली. सकाळी खिडकीतून बघते तर माती तांबडी, ताडाची झाडं आणि शेतात पाणी. सेंट्रल स्टेशनवर उतरले तेव्हा ऑक्टोबर होता, पण हवा अशी की आंघोळीच्या मोरीत उभी राहिल्यासारखं वाटलं. तिथे घाम पुसत बसायचं नसतं, तो अंगावर असतोच.

निखिल, माझ्या मुलाचा मुलगा, मला घ्यायला आला होता. तो चेन्नईतल्याच अंबत्तूरला एका ऑफिसात कंप्युटरवर मोटारींच्या ब्रेकचं काम करतो. लहानपणी त्याने कुठल्याशा कागदातून या कंपनीच्या गाडीचं चित्र कापून आमच्या धान्याच्या कोठीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. ज्वारी काढताना मी वीस वर्षं ते चित्र बघत होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांची फुकट जाहिरात मी का करू?

गाडी निळी, काळ्याकडे झुकलेली. दुसऱ्याने वापरलेली घेतली होती, पण निखिलला ती नवीच. मला वाटलं होतं मोठी असेल. ही तर जमिनीला टेकलेली. बसताना उकिडवं व्हावं लागतं आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. पण आत बसल्यावर पाठीला आराम पडला, खोटं कशाला बोलू? दार लावलं की ढप्प असा आवाज, भरलेलं पोतं जमिनीवर ठेवल्यासारखा.

"हा आवाज जमवायला तिकडे माणसं नेमलेली असतात, आजी," निखिल म्हणाला.

"दाराच्या आवाजाला पगारी माणसं?"

"हो."

"त्यांच्या आया सांगत असतील ना शेजारी, माझा मुलगा दार आपटतो म्हणून."

तो हसला. अंबत्तूर येईपर्यंत त्याने मला गाडीतली सगळी बटणं दाखवली. समोर माणूस आला तर गाडी आपोआप थांबते, हे दोनदा सांगितलं.

निखिल भाड्याने राहतो ते घर रुक्कुबाईंचं. या बाई तंजावरकडच्या मराठी. यांचे पूर्वज राजांच्या काळी तिकडे गेले ते गेलेच. त्यांचं बोलणं ऐकायला मजा येते. शब्द आपले, काही फार जुने, आणि हेल सगळा तमिळ. मला बघून म्हणाल्या, "प्रवास बरा जाला ना? कापी पीता?" कापी म्हणजे कॉफी. जेवायला आंबट सार, भात आणि डांगर पच्चडी (उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेलं तोंडीलावणं) होती. आमच्या डांगराची ही बहीण, पण हिला फोडणी असते. मी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूजेचं सामान आणायला जॉर्ज टाउनला गेलो. बंदराजवळची जुनी घाऊक पेठ आहे ती. बोळ अरुंद आणि हातगाड्या, हमाल, मोटारी सगळे एकाच वेळी पुढे घुसणारे. अर्धा तास आम्ही एका जागी उभे होतो. तेव्हा मी विचारलं, "एवढी काय आहे ही कंपनी, सांग तरी."

निखिलने सांगितलं ते असं. आधी ते विमानाची इंजिनं करायचे, लढाईसाठी. पहिली लढाई हरल्यावर त्यांना विमानाचं काम बंद करायला लावलं. मग मोटारसायकली केल्या, मग मोटारी. दुसऱ्या लढाईत पुन्हा विमानाची इंजिनं. तीही हरले. कारखाने पडले, यंत्रं जिंकणाऱ्यांनी नेली. उरलेल्या माणसांनी मग स्वयंपाकाची भांडी केली.

"भांडी?"

"पातेली, कढया."

"चांगली होती का?"

"ते कुठे लिहिलेलं नाही, आजी."

"चांगली असती तर पुन्हा मोटारींकडे कशाला वळले असते?"

मग म्हणे एक अंड्यासारखी चिमुकली गाडी काढली. तिला दार एकच आणि तेही पुढून उघडायचं, फ्रिजसारखं. एकदा तर कंपनी दुसऱ्याला विकायलाच निघाली होती. कामगारांनी आणि थोडे थोडे शेअर असलेल्या लोकांनी विकू दिली नाही. हे ऐकून मला त्या माणसांबद्दल बरं वाटलं. पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती.

"लढाईच्या वेळी गडी माणसं तर सैन्यात गेली असतील. मग इंजिनं कोण करत होतं?"

"कैदी. बाहेरून धरून आणलेले लोक. छावण्यांतले."

"पगार?"

"नाही. बरेच मेलेही."

"आणि कंपनी काय म्हणते?"

"बरीच वर्षं काहीच म्हणाली नाही. नंतर स्वतःच कबूल केलं. लिहून ठेवलंय."

एवढं बोलणं झालं आणि पुढची हातगाडी हलली. आम्ही झेंडू, लिंबं, कापूर आणि एक पाच-सहा किलोचा कोहळा घेऊन परत आलो.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात. तिथे हा सण फार मोठा. त्याला आयुध पूजा म्हणतात. लेथ मशीनपासून इस्त्रीपर्यंत सगळ्याला गंध लागतं आणि प्रत्येक कारखान्यात कामगारांना पोरि (चुरमुरे) वाटतात. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात. शेवटी कोहळ्याला भोक पाडून त्यात कुंकू भरतात, वर कापूर पेटवून तो गाडीवरून ओवाळतात आणि रस्त्यात आपटून फोडतात. गाडीला लागलेली दृष्ट त्याच्याबरोबर फुटते.

"घरातल्या मोठ्या माणसानं फोडायचा," रुक्कुबाई म्हणाल्या. मोठी मीच.

मी तो डोक्याच्या वर उचलला आणि आपटला. चांगला फुटला. पांढऱ्या फोडी आणि लाल पाणी अर्ध्या रस्त्यावर पसरलं. मी खराटा मागितला.

"उचलायचा नसतो," रुक्कुबाई म्हणाल्या. "हात लावला की दृष्ट तुम्हांस लागेल. मागं बघूही नये."

बहात्तर वर्षांत मी माझा पसारा दुसऱ्याच्या वाटेवर सोडलेला नाही. त्या दिवशी सोडला. इतकी देखणी गाडी, तिला किती डोळे लागले असतील, असा विचार माझ्या मनात आला. मी पाठ फिरवली आणि निखिल फोटो काढत होता तिथे जाऊन उभी राहिले.

पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे.

निखिलने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली आहे, पण सणाच्या गर्दीत किती वेळ लागेल सांगता येत नाही, असं उत्तर आलं. मी पदर त्याच्या डोक्याला दाबून धरला. लोक जमले. त्यांनी खाली पडलेला माणूस बघितला, माळ घातलेली महागडी गाडी बघितली आणि दोहोंचा संबंध लावला. एकाने बॉनेटवर थाप मारली. दुसऱ्याने नंबरचा फोटो काढला. निखिल तमिळमध्ये काहीतरी सांगत होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात त्या माणसाचा श्वास घोरल्यासारखा वाजू लागला.

"उचल," मी म्हटलं.

"आजी, मानेला लागलं असेल. हलवू नये म्हणतात."

"मरू द्यावं असंही कुणी म्हणत नाही. उचल."

ज्याने बॉनेटवर थाप मारली होती, त्यानेच पाय धरले. मागच्या सीटवर मी बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी सरळ धरलं. रुक्कुबाई पुढे बसल्या. निखिल हॉर्न दाबून निघाला. गाडी अशी चालत होती की खड्डे कळत नव्हते. त्या वेळी मला त्या कंपनीचं खरं कौतुक वाटलं. एकदाच वाटलं, पण वाटलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आधी रागावले, असं उचलून आणायचं नसतं म्हणून. मग म्हणाले, आणखी उशीर केला असता तर आणून उपयोग नव्हता. त्याला आत नेलं. कवटीच्या आत रक्त साठलं होतं.

तासाभरात त्याची बायको आली. तिचं नाव सेल्वी. तिच्याकडून कळलं की माणसाचं नाव मुरुगेसन, अंबत्तूरच्याच एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतो. पूजा आटोपून घरी निघाला होता. बरोबर एक पोलीस होता. सेल्वीने निखिलच्या शर्टावरचं रक्त बघितलं, दारातली गाडी बघितली आणि विचारलं. भाषा कळली नाही तरी प्रश्न कळला. तुझ्याच गाडीने उडवलं ना?

निखिल माझ्याकडे बघू लागला.

मी रुक्कुबाईंना म्हटलं, "सांगा, गाडीनं नाही. कोहळा मी फोडला आणि तसाच टाकला, त्यावरून घसरला."

रुक्कुबाईंनी माझा दंड धरला. "गप बसा हो. घसरून पडला इतकं पुरे. तुमचं नाव कशाला?"

"सांगता की नाही?"

"मी नाही सांगायची. लोकं मारतील."

मला तोवर तमिळचे पाच-सहा शब्द येत होते. त्यातले दोन कामाचे होते. मी सेल्वीसमोर उभी राहिले, हाताने फोडल्याची खूण केली आणि म्हटलं, "पूसणिक्काय (कोहळा)." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "नान् (मी)."

सेल्वी माझ्याकडे बघत राहिली. मी मार खायची तयारी ठेवली होती. पोलिसाने कपाळाला हात लावला, दरवर्षी ओरडून सांगतो फोडू नका म्हणून, असं काहीसं तो बोलला आणि लिहू लागला. मग सेल्वी हळू आवाजात एक लांब वाक्य बोलली. रुक्कुबाईंनी आता मात्र सांगितलं.

"म्हणत्ये, आज कारखान्यासमोर कोहळा हिच्या नवऱ्यानंच फोडला. उचलला कुणी नाही."

तिने क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तिने जे झालं ते सांगितलं. मग ती माझ्या शेजारी बाकावर बसली. दुसरी जागा रिकामी नव्हती.

ऑपरेशन संपता संपता ऊन उतरलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. आम्ही घरी आलो तर कोहळा तसाच पडलेला. लोक वळसा घालून जात होते. मी रुक्कुबाईंचा खराटा घेतला.

"दृष्ट लागेल," त्या दारातून म्हणाल्या.

"लागू दे. बहात्तर वर्षांच्या बाईला लागून किती लागेल?"

फोडी बादलीत भरल्या, चुरमुरे झाडले, रस्त्यावर पाणी ओतलं. थोड्या वेळाने रुक्कुबाई दुसरी बादली घेऊन आल्या. त्यांनीही पाणी ओतलं. निखिल गाडीची सीट पुसत होता. त्याने गरम पाणी घेतलं होतं. "गार घे," मी म्हटलं, "गरमानं डाग बसतो." कातडं स्वच्छ झालं, शिवणीतला दोरा काळा राहिला तो राहिलाच.

तिसऱ्या दिवशी मुरुगेसनने डोळे उघडले. दोन आठवड्यांनी त्याला घरी न्यायला आम्ही तीच गाडी घेऊन गेलो. बसण्याआधी सेल्वीने सीटवर टॉवेल अंथरला, सीट खराब होऊ नये म्हणून. निखिलने तो काढला, तिने पुन्हा अंथरला. मग निखिलने सोडून दिलं. घराशी उतरल्यावर मुरुगेसन आत जाईना. त्याने गाडीचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. पडल्यापासून उजव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून मान वळवून डावा कान दाराजवळ नेला आणि तिसऱ्यांदा लावलं.

"नल्ल सत्तम् (छान आवाज)," तो म्हणाला. मग बिजागरीवरून बोट फिरवलं, लेथवरचा माणूस फिरवतो तसं. सेल्वी त्याला ओरडली. तिचा नेहमीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

दिवाळीआधी मी बार्शीला परतले. कोठी उघडली तर झाकणावर चित्र होतंच. मी काढलं नाही. गाडी चांगली आहे, ती चांगली म्हणायला माझी हरकत नाही. ती करणाऱ्यांनी पडल्यावर कढया केल्या आणि ते पुन्हा उभे राहिले. बिनपगारी कैद्यांचं लिहायला मात्र त्यांना बरीच वर्षं लागली. मेलेल्यांना ते वाचायला मिळालं नाही. इतकी वर्षं माझ्याकडे नाहीत, म्हणून मी आत्ताच लिहिलं. कोहळा मी फोडला होता आणि मी तो उचलला नाही.

मुरुगेसन जगला.