विनुताबाईंची वही

तंजावूरच्या विनुताबाई चाळीस वर्षं मराठी पदं गातात, वडिलांनी तमिळ अक्षरांत उतरवलेल्या वहीतून. देवनागरी त्यांच्या घरात कुणालाच वाचता येत नाही. टीव्हीवरच्या त्यांच्या पहिल्याच कार्यक्रमाला चेन्नईच्या निर्मात्याने ती वही बाजूला सारली. “मराठी गाणं तमिळ अक्षरांत? शोभत नाही,” म्हणत त्याने एक देवनागरी पोथी त्यांच्या हातात कोंबली. विनुताबाईंचं पित्त खवळलं. पण पदं तोंडपाठ होती. डोळे मिटून त्या तासभर गायल्या.

कार्यक्रम लागला आणि पुण्यात दिलेल्या नणंदेचा फोन आला. “वहिनी, पोथी उलटी धरली होतीत की हो!” नणंदबाई हसत सुटल्या.

“पोथी बरी दिसली!” विनुताबाई कडाडल्या. “आता सांगा वन्सं, तासभरात गाणं कानावर पडलं का?”