हसनभाईंचं कच्चं सूत

हसनभाई गेल्याचं मला शुक्रवारी जेवणानंतर कळलं. त्यांची मुलगी जैनब हिचा रत्नागिरीकडून फोन आला, तेव्हा मी दुबईत, अल बर्शाला मुलाच्या फ्लॅटवर होतो. फोन ठेवला तर नातू विचारतो, "दादा, हू वॉज ही?" मी जन्माचा थापाड्या, एका प्रश्नाला शंभर उत्तरं खिशात बाळगणारा. त्या दिवशी "मग सांगतो" म्हणून उठलो... आज पाच आठवडे झाले, आता लिहून बघतो.

साठ सालानंतरची गोष्ट. यूएई हे नाव तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. रास अल खैमाला एका मासळी व्यापाऱ्याकडे मी कारकून होतो आणि हसनभाई जाळी विणत. ऊन असं, की बांगडा पाण्याबाहेर काढेपर्यंत तळून तयार! (खोटं वाटतं? मग हे खरं ऐका.) हसनभाईंच्या जाळ्यातून वारासुद्धा सलाम करून जायचा. जाळ्याची एकेक चौकट ते तीन बोटं घालून मापत. चौथं बोट शिरलं तर उसवायचं, तिसरं अडलं तरी उसवायचं. "पिल्लू निघून गेलं पाहिजे," म्हणायचे. "पुढल्या थंडीत तेच मोठं होऊन येतं." आणि थंडीत सुरमई यायचीही. इतकी, की तिच्या पाठीवरून चालत पलीकडे इराणला जाऊन मी चहा पिऊन आलोय, असं मी सगळ्यांना सांगायचो. हसनभाई मान वर न करता विचारायचे, "साखर किती होती रे लतीफ?"

तेव्हा जाळी सुताची. दोन दिवस समुद्रात, तिसऱ्या दिवशी वाळूवर सुकत. नाही सुकवलं तर सडायचं. जाळं सुकायचं तेवढा वेळ मासा सुटायचा. मग जहाजातून नायलॉन आलं. हिरवं, हलकं, सडायचं नावच नाही. मालक खुशीत टाळ्या वाजवत म्हणाला, "यल्ला हसन! अब छुट्टी खलास!" चौकटही दोन बोटांची हवी, म्हणाला. जाळी रोज पाण्यात जाऊ लागली. दुसऱ्याच हंगामात वितीएवढी सुरमई टोपल्यांतून येऊ लागली. विकली जाईना, म्हणून वाळूवर टाकून देत. हसनभाई त्या ढिगापाशी उकिडवे बसत आणि एकेक पिल्लू बोटाला लावून बघत... माप घ्यायची सवय जात नव्हती.

एका दुपारी त्यांच्याकडे सुई मागायला गेलो, तर हे नायलॉनच्या जाळ्याची तळाची पिशवी साध्या सुतानं शिवत होते. मी म्हटलं, "भाई, हे तर आठवड्यात सडेल!" ते हसले. "सडू दे. खालचं तोंड उघडेल, आतलं सगळं निघून जाईल. मग मी परत शिवीन. दोन दिवस समुद्राला मिळाले तर कोणाचं काय जातं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला सांगितलं तरी भीती नाही बाबा. तुझ्यावर विश्वास कोण ठेवतंय?"

पूर्ण एक हंगाम ते दार उघडत राहिलं. दर थोड्या दिवसांनी एखादं जाळं रिकामं यायचं, बोटीचा कप्तान, नाखुदा, समुद्राला शिव्या घालायचा आणि हसनभाई गंभीर चेहऱ्यानं सुई ओवायचे.

आणि मग माझी जीभ... चहाच्या टपरीवर त्या दिवशी माझ्या गोष्टींना कोणी हसेना. इराणची झाली, शेखची लँड रोव्हर गिळणारा हामूर मासा झाला, कोणी ढुंकून बघेना. तेव्हा मी म्हटलं, "अरे, आमचे हसनभाई जाळ्याला दार ठेवतात, दार! मासे संध्याकाळी घरी जातात!" टपरी हसून हसून आडवी झाली. फक्त मालकाचा मुकादम हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकानं सगळी जाळी वाळूवर पसरायला लावली, पिशवीच्या शिवणीवर बोट ठेवलं आणि एकच शब्द बोलला, "खलास." पुढच्या बोटीनं हसनभाईंना परत रत्नागिरीला धाडलं. धक्क्यावर मी त्यांची पेटी उचलली, पण तोंड उचलता येईना. त्यांनी लाकडी सुई माझ्या खिशात घातली. तिच्यावर सूत गुंडाळलेलंच होतं. म्हणाले, "लतीफ, तुझ्या थापाच बऱ्या होत्या रे."

त्यानंतरच्या थंड्यांत सुरमई कमी कमी येत गेली. चालत इराणला जाण्याची गोष्ट मी पुन्हा कोणाला सांगितली नाही. पाय ठेवायला पाठी उरल्या नव्हत्या.

फोनवर जैनबला मी हे सगळं सांगणार होतो. इतक्या वर्षांनी, एकदाचं. पण तीच म्हणाली, "चाचा, अब्बा नेहमी सांगायचे, मालक हात धरून थांबवत होता, पण माझे डोळे गेले म्हणून मीच काम सोडलं. लतीफ तर धक्क्यावर रडत होता, म्हणायचे." एक बोट इकडचं तिकडे न करणारा माणूस... माझ्यासाठी घरच्यांशी जन्मभर खोटं बोलला. तेही इतकं बेमालूम, की मला आयुष्यात जमलं नाही. मी फक्त "हो बेटा" म्हटलं.

ती सुई माझ्या कपाटात आहे. खाऱ्या पाण्यात आठवड्यात तुटणारं ते सूत इथे एसीत अजून शाबूत दिसतं. नातू म्हणतो, "पुल इट, दादा, लेट्स सी." मी सुई हातात घेतो, तीन बोटं जुळवून बघतो, आणि न ओढताच परत ठेवून देतो.