आधी ग्राउंड दाखवा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अबूधाबीच्या एका भारतीय शाळेत पी.टी. शिकवायचो. आमच्या शाळांच्या लीगमधून दुबईच्या दोन शाळा बाहेर पडल्या आणि नवी शाळा निवडायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी रुवैसचं नाव काढताच मीटिंगमध्ये सगळे हसले. रिफायनरीचं गाव, अडीच तासांचा रस्ता, तिथे बस कोण नेणार? मी चिडलो. म्हटलं, "आधी बघून तर येऊ द्या."

तिथल्या प्रिन्सिपॉलबाई मला ट्रॉफींचं कपाट दाखवायला निघाल्या. मी म्हटलं, "कपाट राहू द्या मॅडम, आधी ग्राउंड दाखवा." ग्राउंड म्हणजे नुसती वाळू होती. पण खो-खो खेळताना मुलींचे पाय रुतू नयेत म्हणून शिफ्टवरून सुटलेले चार-पाच वडील, अंगावरचा बॉयलर सूटही न बदलता, पाइपने वाळूवर पाणी मारत होते. मी तिथेच सांगून टाकलं, "खलास, तुम्हाला घेतलं."

पहिल्याच सामन्यात त्या मुलींनी आम्हाला आमच्याच ग्राउंडवर धुतलं. आमचे प्रिन्सिपॉल भडकले, "इनको लिया किसने?"

मी हात वर केला, आणि खाली घ्यायची अजिबात घाई केली नाही.