दादाच्या लॅपटॉपचा आवाज

ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या लॅपटॉपवर रंगीबेरंगी टर्मिनल लावून देणारा अख्ख्या दारव्हा तालुक्यात मीच असेन.

दादा माझा मावसभाऊ, कॉलेजात इतिहास शिकवतो. लॅपटॉप त्याला सगळं वाचून दाखवतो. तो मराठी आवाज त्यानं स्वतः सोर्सकोडवरून बिल्ड केलेला, म्हणजे मूळ कोडपासून तयार केलेला. उच्चार खटकला की नियम बदलायचा, पुन्हा बिल्ड करायचं. असं कानानं घासून घासून त्यानं त्या आवाजाला आपल्याकडचं बोलायला शिकवलं होतं.

यंदा दिवाळीत पुण्याच्या नोकरीचा तोरा मिरवत मी त्याचं शेल बदललं. शेल म्हणजे टर्मिनलमध्ये, हुकूम टाइप करायच्या खिडकीत, आपले हुकूम ऐकणारा प्रोग्राम. नव्यात रंग, बाण, चौकोन, सगळी सजावट. लॅपटॉप प्रत्येक ओळीआधी "बाण, बाण, चौकोन" म्हणू लागला.

"हे काय बडबडून राह्यलं बे?"

"फॅशन आहे, दादा."

"मले दिसते का फॅशन?"

चिन्हं काढली, शेल तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं बिल्ड अडलं. लायब्ररी, म्हणजे बिल्डला लागणारा तयार कोड, सापडत नाही म्हणे. दोन फाइली उघडून पाहायच्या, तर मी डॉक्टरसारखा लॅपटॉपवर हात ठेवून सांगून मोकळा झालो, "डिस्क गेली. सगळं पुसून फॉरमॅट मारू."

"अन् माह्या आवाजाचं?"

"त्याचं काय! सोर्स पुन्हा उतरवू, पुन्हा बिल्ड करू."

त्याच्या नोट्स पेनड्राइव्हवर घेतल्या. बिल्डचं फोल्डर कचरा समजून सोडलं. त्याचे सगळे नियम त्यातच होते.

फॉरमॅट झाल्यावर बिल्डच्या सूचना वाचायला बसलो. पहिलीच सूचना: लायब्ररीचा पत्ता शेलच्या सेटिंग फाइलमध्ये लिहा. दादानं तो लिहिलेला असणार, जुन्या शेलच्या फाइलमध्ये. माझं नवं शेल ती फाइल उघडतच नव्हतं. एक ओळ इकडून तिकडे टाकायची होती फक्त.

बिल्ड झालं. आवाज आला, बातम्या देणाऱ्या बाईसारखा गुळगुळीत. दादा ऐकत राहिला.

"हा माहा नाही."

मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. डिस्कच गेलती, तू तरी काय करशील?"

तेवढ्यावर निभावलं असतं. पण वहिनीनं आणलेला चहा मी तसाच खाली ठेवला.

"दादा, डिस्क चांगली होती."

मग सगळं सांगितलं. त्यानं पाठीवरचा हात काढून घेतला.

"नियम टाइप करता येते तुले?"

"येते."

"मंग सुट्टी वाढव."