कोपरावरचे चट्टे आणि फणसाचे पापड

माझ्या डाव्या कोपरावर पहिला चट्टा उठला तो माझी थोरली लेक जन्मली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. सन एकोणीसशे तीसच्या आगेमागे असेल. सुपारीएवढा लाल डाग आणि त्यावर चंदेरी पापुद्रा. उंबऱ्यावर कोपर आपटलं असेल म्हणून मी खोबरेल चोळलं आणि विसरून गेले. गणपती येईपर्यंत दुसरं कोपर झालं, दोन्ही गुडघे झाले आणि कानामागे केसांत एक जागा झाली. खाजवलं की खवलेल्या नारळासारखा पांढरा भुगा पडायचा. मी दिसायला बरी होते आणि ते मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे मला वाईट वाटायच्या आधी राग आला. आळीत एवढ्या बायका असताना हे नेमकं माझ्याच वाट्याला का, असं मी देवापुढे दिवा लावताना स्वच्छ विचारून घेतलं.

आमची आळी आठ घरांची, मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला. कुणाचा नवरा गलबतावर, कुणाचा आंब्याच्या बागेत, आणि आमचे हे बंदरावरच्या कचेरीत कारकून. या आठ घरांचा कारभार एकच बाई बघायची. तिला सगळे काकी म्हणत. बारसं असो की बारावं, काकींच्या शब्दाबाहेर आळीत पळीभर डाळ शिजत नसे. त्यांनी माझं कोपर पाहिलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. काकी मागे सरकतात म्हणजे प्रकरण गंभीर, हे आळीतल्या मांजरांनासुद्धा कळायचं. त्याच सुमारास आमची गाय व्याली. मी खरवस करून घरोघरी वाट्या पाठवल्या. संध्याकाळपर्यंत सातही वाट्या जशाच्या तशा परत आल्या. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाचा उपास.

महारोग हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. पण सात घरांत एकाच दिवशी पोटं बिघडत नाहीत. मी चुलीपाशी बसून दोन वाट्या खरवस खाल्ला आणि मग पोटभर रडले. मला आजाराची तेवढी भीती नव्हती. माझ्या हातचं आता कुणी खाणार नाही, याची होती. आमच्याकडे ज्या बाईच्या हातचं खात नाहीत, ती बाई आळीत असून नसल्यासारखीच.

यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर घाटावरून बदलून आलेले, बोलणं तुटक पण माणूस मोकळा. त्यांनी चट्टा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग मला डोळे मिटायला सांगितलं आणि चट्ट्यावर टाचणी टोचली. मी अशी किंचाळले की बाहेर रांगेत बसलेलं एक पोर रडायला लागलं. डॉक्टर खूश झाले.

"छान ओरडलात," ते म्हणाले. "टोचलेलं कळतंय. हा महारोग नाही."

त्यांनी एक इंग्रजी नाव सांगितलं. सोरायसिस. मला ते एखाद्या साहेबाच्या मडमेचं नाव वाटलं. आपल्या वैद्यकात याच्या जवळपासचं काही असेल तर वैद्यांना विचारा, म्हणाले, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा शिवल्याने लागत नाही. आणि हा पुरता जात नाही. येईल, जाईल, पुन्हा येईल. पहिली गोष्ट ऐकून मी एवढी हरखले की दुसरी मला ऐकूच आली नाही.

औषध म्हणून त्यांनी एक काळं मलम दिलं. दवाखान्यातल्या शुद्ध केलेल्या डांबराचं, चुन्याच्या डबीएवढ्या डबीत. रात्री लावायचं, सकाळी बेसनाने धुऊन टाकायचं, पापुद्रे नखांनी उपटायचे नाहीत. वास असा की आमची गाय माझ्याकडे संशयाने बघायची. पण खाज कमी झाली. मी घरगुती उपायांचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तेल लावा. करंजाचं, उंडीचं, जे सोसेल ते. खपली मऊ पडेल. पण बिब्बा लावाल तर माझ्याकडे येऊ नका." काकींनी आदल्याच आठवड्यात परसाच्या दगडी गडग्यावरून बिब्बा सुचवला होता, तोही दहा हात लांब उभं राहून. तेव्हापासून उंडीचं तेल मी धरलं ते आजतागायत. भाट्याच्या किनाऱ्याला उंडीची झाडं होती, तिथून बिया आणायच्या आणि घाण्यावरून तेल काढून आणायचं. हिरवट, दाट आणि वासाला उग्र, पण कोपर त्याने भाकरीच्या पिठासारखं मऊ व्हायचं.

पुढच्या पावसाळ्यात मलम संपलं. पावसात मुंबईच्या बोटी बंद, त्यामुळे दवाखान्यातही नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर या, असं कंपाउंडरने सांगितलं. आमचे हे बंदरावरचे गृहस्थ, त्यांना वाटलं डांबराला काय तोटा. मिरकरवाड्यात पावसाळ्यापुरत्या ओढून शाकारलेल्या होड्यांना जे फासतात, तेच त्यांनी एका करवंटीतून आणलं आणि मोठ्या मायेने माझ्या दोन्ही कोपरांना लावलं. मी जेवायला पाटावर बसले, कोपर टेकलं आणि उठताना पाट बरोबर आला. मग थोरली आली, ती माझ्या दुसऱ्या कोपराला चिकटली. खोबरेलाची अर्धी बरणी संपली तेव्हा आम्ही तिघं सुटी झालो.

"होडीला तर काय होत नाय," हे अपराध्यासारखे म्हणाले.

"होडी बोलत नाय म्हणून," मी म्हटलं. "आता मला पाण्यात सोडा नि वल्हवत न्या."

त्या दिवशी आम्ही दोघं इतके हसलो की थोरली घाबरली. कातडी लालबुंद झाली होती आणि चार दिवस आग आग होत होती, पण किती महिन्यांनी घरात तसं हसणं झालं होतं. डॉक्टरांनी यांना चांगलं फैलावर घेतलं. होडीचं डांबर वेगळं, औषधाचं वेगळं, अंगावर प्रयोग करायला ही काय गोदी आहे, म्हणाले. तेव्हापासून हे औषधाची डबी स्वतःच्या हाताने उघडायलासुद्धा घाबरत.

मधला चैत्र मी थोरलीला घेऊन माहेरी काढला होता. आता पुन्हा चैत्र उजाडला आणि आळीत फणसाच्या पापडांचे दिवस आले. फणसाचे पापड एकटीने होत नाहीत. कच्चे गरे उकडायचे, उखळात कांडायचे, तिखट, मीठ, जिरं घालून मळायचे, तेलाच्या हाताने लाट्या करायच्या आणि केळीच्या पानात ठेवून पाटाखाली दाबायच्या. आठ बायकांचे सोळा हात लागतात. आज या घरी, उद्या त्या घरी, अशी पाळी असायची. ज्या घरात पाळी होत नाही, त्या घरचे फणस झाडाखालीच कुजतात आणि येणारा जाणारा ते बघतो.

पहिली पाळी काकींची. मी ओचे खोचून गेले. काकींनी मला पडवीच्या पायरीवरच अडवलं.

"तू हितं नको बसूस गो," त्या म्हणाल्या. "माझं काय म्हणणं नाय. पण बाकीच्या खायच्या नायत. तू खळ्यात बस, कावळे हाकव."

वाळत घातलेल्या पापडांची राखण हे म्हाताऱ्या माणसांचं काम. मी चोवीस वर्षांची धडधाकट बाई. परत फिरावं असं मनात आलं होतं. पण फिरले असते तर ते कायमचंच झालं असतं, म्हणून मी काठी घेतली आणि पुढच्या सारवलेल्या अंगणात, खळ्यात, जाऊन बसले. आत बायका हसत होत्या, पाट धपाधप आपटत होते, आणि मी बाहेर कावळ्यांशी बोलत होते. माझा आवाज मूळचाच मोठा. "मेल्यांनो, एका पंगतीतले म्हणवता नि शेजाऱ्याला हाकलता, लाज नाय वाटत?" असं मी कावळ्यांना विचारलं की आतले पाट क्षणभर थांबायचे. त्या वर्षी आळीतल्या कावळ्यांनी जेवढं ऐकून घेतलं, तेवढं कुठल्या कावळ्याने ऐकलं नसेल.

सात घरांच्या सात पाळ्या, आणि वाळवण चार चार दिवस चालायचं. म्हणजे जवळजवळ महिनाभर मी रोज सकाळी उन्हात बसत होते. चोळीच्या बाह्या वर सारलेल्या, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, कोपरांना आणि गुडघ्यांना उंडीचं तेल. ऊन तापलं की आंब्याच्या सावलीत सरकायची आणि तिथून काठी हलवायची. दहाव्या-बाराव्या दिवशी गुडघ्यावरचा पापुद्रा धुताना अलगद निघून गेला आणि खालची कातडी गुलाबी दिसली. मला वाटलं, डोळ्यांची भूल. पण वैशाख सरता सरता कोपरांवर नुसत्या फिकट खुणा उरल्या होत्या.

मी दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. मी कावळ्यांपासून सुरुवात केली. ते चष्मा काढून हसले. काही जणांना याला ऊन मानवतं, म्हणाले, म्हणून ते रोग्यांना सकाळच्या उन्हात बसायला सांगतात, पण बायका ऐकत नाहीत, काळं पडायला होतं म्हणतात. भाजून घेऊ नका, मलम सोडू नका, तेल चालू ठेवा. वर म्हणाले, "ज्यांनी तुम्हाला बाहेर बसवलं त्यांना माझा नमस्कार सांगा."

मी तो नमस्कार शब्दशः पोचवला. काकींनी माझे हात उलटसुलट करून बघितले. हंगामाची शेवटची पाळी आमच्या घरी झाली, सगळ्या आल्या, पापड झाले. मी आनंदात होते हे खरं, पण मनात एक कुसळ राहिलं. त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या, माझ्या स्वच्छ कोपरांकडे आल्या होत्या.

आणि कोपरं काही कायमची स्वच्छ राहणार नव्हती. पौषात थंड वारे सुटले आणि दोन्ही कोपरांवर पुन्हा चंदेरी पापुद्रा आला. या वेळी उजव्या मनगटावरही एक, चांगला ठसठशीत, लपवता न येणारा. डॉक्टरांचं दुसरं वाक्य मला आता ऐकू आलं. दोन दिवस मी उदास होते. तिसऱ्या दिवशी उठून डबी उघडली, तेल काढलं आणि ठरवलं की हा पाहुणा येणार, राहणार, जाणार. त्याच्यासाठी घर बंद ठेवायचं नाही.

चैत्रात मी आपणहून घरोघरी जाऊन सांगून आले की यंदा पहिली पाळी आमच्याकडे. सांगताना मनगट पदराखाली घेतलं नाही. सगळ्या "बघू" म्हणाल्या. काकी घरी नव्हत्या. आदल्या दिवशी यांनी फणस उतरवून दिले, म्हणाले, "नाय कोण आलं तर मी दाबीन पाट." यांचा डांबराचा हात मला माहीत होता, तरी ऐकून बरं वाटलं. सकाळी मी गरे उकडले, एकटीने कांडले, गोळा मळला, पडवीत आठ पाट मांडले आणि बसले. ऊन खळ्यात आलं. कुणी आलं नाही. आळीतल्या दारांत बायका दिसत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, काकींच्या दाराकडे बघत होत्या.

काकी बऱ्याच वेळाने आल्या. मधल्या पाटावर बसल्या, केळीची पानं ओढून घेतली आणि दोन्ही हात तेलात बुडवले. मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, "परत आला म्हणायचा."

"आला," मी म्हटलं.

"मी जाऊन आले त्या डाक्टरकडं. खोकला झालाय म्हणून सांगितलं नि तुझं विचारलं. लागत नाय म्हणालान. दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलान." त्यांनी एक पान तेलाने पुसून पाटावर मांडलं. "गेल्या साली विचारायला हवं होतं गो मी. चुकलं माझं."

पापडांच्या पिठात मीठ-तिखट बरोबर आहे की नाही, हे बघायला कांडणाऱ्या बाईने पहिली लाटी करायची आणि आळीतल्या थोरल्या बाईने ती खाऊन सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. मी लाटी केली. काकींनी तेलाने माखलेले दोन्ही हात मला वर करून दाखवले.

"माझे हात भरलेत," त्या म्हणाल्या, "तूच घाल तोंडात."

त्यांनी आळीसमोर तोंड उघडलं. मी त्याच उजव्या हाताने लाटी त्यांच्या जिभेवर ठेवली. माझे डोळे असे भरून आले की समोरच्या काकी मला धड दिसेनात. खळ्यात पावलं वाजली, एकेक पाट भरत गेला. काकींनी लाटी सावकाश चघळली, गिळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मीठ कमी पडलंय, अजून चिमूटभर घाल.