मावशीने पाजलेली मुलं

इस्त्रीवाल्या मावशीला लग्नाला बोलावलं की जेवणाआधी एक भाषण फुकट मिळायचं. "हा ना? हा माझ्या अंगावर प्यालाय," असं ती थेट नवरदेवाकडे बोट दाखवून सांगायची आणि नवरदेवाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तिच्या तरुणपणी गल्लीतली कुणी बाळंतीण आजारी पडली, कुणाला दूध पुरेना, की पोर मावशीच्या मांडीवर यायचं. मावशी पोटभर पाजायची आणि मग पुढची तीस वर्षं ऐकवायची. उपकार करून विसरून जाण्याचा शौक तिला कधीच परवडला नाही.

तिचा एकुलता एक मुलगा, लिफ्ट दुरुस्त करणारा, अडतिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. नातेवाइकांनी निदान डॉक्टरांच्या आधीच केलं होतं. मामाच्या मते मोबाईल, आत्याच्या मते बाहेरचं खाणं आणि सगळ्यांच्या मते बायको. डॉक्टर म्हणाले, हा एका विषाणूमुळे होणारा, फार क्वचित दिसणारा प्रकार आहे. 'क्वचित' म्हटल्यावर मामाची छाती उगाच फुगली. घराण्यात आजार आला, तोही साधासुधा नाही! मावशी मात्र त्यानंतर कित्येक दिवस धड जेवली नाही.

मग हा आजार कुणाकुणात पसरलाय याचा माग काढणारी एक डॉक्टरीण मावशीच्या दुकानात आली. मावशीचं रक्त तपासलं, तर त्यातही तोच विषाणू निघाला.

"मग मी कशी धडधाकट?" मावशीने विचारलं.

"ज्यांच्या अंगात हा विषाणू असतो, त्यांच्यातल्या शंभरात चार-पाच जणांनाच कर्करोग होतो, तोही कित्येक वर्षांनी. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही."

"पण अंगात येतो कुठून?"

डॉक्टरीण जरा अडखळली. "रक्तातून, शरीरसंबंधातून. आणि बऱ्याचदा दुधातून. बाळाला बरेच महिने पाजलं की."

मावशीने इस्त्री उभी करून ठेवली आणि स्टुलावर बसली. "म्हणजे माझ्या पोराला मीच दिला."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं, मावशी?"

ठाऊक नव्हतं हे खरं, पण त्याने तिचं रडणं थांबलं नाही.

गल्लीला बातमी लागायला वेळ लागला नाही. मावशीच्या अंगावर वाढलेल्या झाडून सगळ्यांची स्मरणशक्ती एकाएकी गेली. जो तो लहानपणापासून डब्याच्या दुधावर वाढलेला निघाला. इस्त्रीचे कपडेही यायचे बंद झाले, जणू विषाणू पॅंटच्या घडीत दबा धरून बसला होता. स्पर्शाने, कपबशीने, कपड्यांनी हा पसरत नाही, असं डॉक्टरणीने घरोघर समजावलं. लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या आणि गाठोडी पलीकडच्या दुकानात नेली.

मावशीची धाकटी बहीण मात्र ताठ मानेने तपासणीला गेली. तिचा अहवाल स्वच्छ आला. तिची मुलगी लग्नानंतर बारा वर्षांनी गरोदर होती, आठवा महिना लागलेला. डॉक्टरीण तिचं रक्त घ्यायला घरी आली, तेव्हा बहिणीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माझ्यात काही नाही आणि पोर माझ्याच दुधावर वाढलीय. केस बघा, दात बघा! तिला कशाला सुया टोचता?"

डॉक्टरणीला हिशोब पटला. तिने बॅग बंद केली.

मावशी कोपऱ्यात बसून ऐकत होती. उभ्या जन्मात एकाच पोराबद्दल तिने तोंड मिटून ठेवलं होतं. बहिणीला दूध आलंच नव्हतं. सासू टोमणे मारेल म्हणून दुपारी दार लावून मावशी भाचीला पाजायची. पोर चालायला लागेपर्यंत पाजलं. 'ताई, मरेपर्यंत बोलू नकोस,' असं म्हणत बहिणीने पाय धरून तिच्याकडून शब्द घेतला होता.

"तपासा तिला," मावशी म्हणाली. "मी पाजलंय."

"ताई!" बहीण किंचाळली. "तू शब्द दिला होतास!"

"तुला दिला होता. तिच्या पोटातल्याला नव्हता दिला."

भाची एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत राहिली. मग तिने बाही वर सारली.

तिच्या रक्तात विषाणू निघाला. डॉक्टरणीने सांगितलं, "घाबरू नका, पण बाळाला अंगावर पाजू नका." मुलगा झाला, गुटगुटीत. तिसऱ्या दिवशी भाचीला पान्हा फुटला. छाती दगडासारखी झाली, बाळ शेजारी टाहो फोडत होतं आणि ती उशीत तोंड खुपसून रडत होती. मावशी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती. तेवढ्या कामापुरता तिला घरात प्रवेश होता.

बहीण दारात येऊन उभी राहिली. "समाधान झालं? माझ्या नातवाचं दूध तोडलंस तू."

"हो, तोडलं," मावशी चिमट्याने बाटली उचलत म्हणाली. "माझ्या पोराचं तोडायला कुणी आलं नाही गं."