पान एक्क्याऐंशीपासून

पुस्तक मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण भिवंडीत अजूनही लोक त्याला 'हाशिमभाईंचं पुस्तक' म्हणतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. लिहिलं चांगदेव मास्तरांनी, म्हणजे मी. राहणार कोन गावचा, शाळेत स्काउटचा शिक्षक, पंचवीस वर्षं डोंगर तुडवलेला माणूस. हाशिमभाई बाइंडर. त्यांनी ते फक्त शिवलं. पण कसं शिवलं, ते ऐका.

निजामपुऱ्याच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पायरी, एक पाट, खळीचा डबा आणि मागे कागदांच्या थप्प्या. दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग, अखंड खडखडत, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक जण ओरडूनच बोलायचा. हाशिमभाई मात्र इतकं हळू बोलत, की कान त्यांच्या दाढीपाशी न्यावा लागे. शिवायला आलेलं सगळं ते वाचायचे. पण छापखान्यातून पुस्तक येतं ते सोळा-सोळा पानांच्या सुट्या फर्म्यांनी, आणि हाताला लागेल तो फर्मा हे वाचणार. त्यामुळे त्यांना कायद्याचं मधलं, हकिमीचं शेवटचं आणि भूगोलातला फक्त आफ्रिका एवढं पक्कं ठाऊक होतं.

दिशांच्या बाबतीत तर आनंदच. एकदा काल्हेरला भाचीच्या लग्नाला गेले. तिथली गोदामं सगळी सारखी दिसली म्हणून भलत्याच मांडवात शिरले, भिंतीवरचं घड्याळ आहेर केलं, दोनदा बिर्याणी खाल्ली, अनोळखी नवरदेवाला मनापासून दुआ दिली आणि घरी आले. ही हकिकत त्यांच्या बायको, सईदाभाभी, येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. हाशिमभाई खाली मान घालून म्हणत, "बिर्याणी चांगली होती पन."

अशा माणसाकडे मी १९८९च्या डिसेंबरात माझं 'वनी निर्भय' बांधायला दिलं. रानात संकट आलं तर काय करावं, याचं पुस्तक. शहाण्णव पानं, सहा फर्मे, तीनशे प्रती. पहिल्या फर्म्यात माझा फोटो, अर्पणपत्रिका, शिक्षण खात्यातल्या एका मोठ्या साहेबांचा आशीर्वाद, मुख्याध्यापकांचे 'दोन शब्द', जे सहा पानं चालले होते, आणि माझं मनोगत. पुढे वृक्ष, मग पक्षी, मग दोरीच्या गाठी. वाट चुकल्यास काय करावे हे अगदी शेवटच्या फर्म्यात. कारण सरळ होतं. आधीचे पाच फर्मे नीट वाचलेला माणूस वाट चुकणारच नाही.

सोमवारी प्रती बघायला गेलो. मी हिरवं कापड सांगितलं होतं, त्यांनी भडक केशरी लावलेलं. वर प्रत्येक पुस्तकाला लुमाच्या सुताची वळलेली दोरी, गळ्यात अडकवायला.

"हे काय, गुराच्या गळ्यातलं लोढणं?"

"दोनी हात मोकले राहायला पायजेत, मास्तर. नि हिरवं पुस्तक गवतात पडलं तं गावंल का?"

मी पुस्तक उघडलं. फोटो गायब, आशीर्वाद गायब. पहिलंच पान एक्क्याऐंशी! ऐंशीव्या पानाच्या तळाशी 'आयुष्य हेही एक अरण्यच असून त्यात भल्याभल्यांना वाट सापडत नाही' असं माझं एक सुंदर वाक्य होतं. ते राहिलं मागे, आणि पुस्तक सुरू होत होतं असं: 'म्हणून घाबरून धावू नये. आहे तिथे खाली बसावे.' हाशिमभाईंनी शेवटचा फर्मा उचलून पहिला शिवला होता. तीनशेच्या तीनशे प्रतींत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "'म्हणून'ने सुरू होणारं पुस्तक जगात कुठे बघितलंय?"

"घाबरलेल्या मानसाचं सगलं मधनंच सुरू होतं, मास्तर," ते म्हणाले. "तुमाला वाट ठावं हाय. तुमी वाट न चुकनाऱ्यासाठी लिवलंत. मी चुकनारा हाय. मी माज्यासारक्यासाठी शिवलं."

माझी पंचाईत वेगळीच होती. रविवारी शाळेत प्रकाशन, पाहुणे ते आशीर्वादवाले साहेब. मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव त्यांच्याच टेबलावर पडून होतं. पुस्तक उघडल्यावर ते आधी स्वतःचा आशीर्वाद शोधणार, हे मी जाणून होतो. तीनशे प्रती उसवून पुन्हा शिवा, असं मी बजावलं.

हाशिमभाईंनी हातातली सुई पाटावर ठेवली. मग म्हणाले, "एक शर्त. तुमच्या क्रमानं एक प्रत बांधतो. ती घेऊन मला रानात एकट्याला सोडा. दोन-तीन घंटे तिच्या भरवशावर धड ऱ्हायलो, तं समद्या उसवून शिवतो, मजुरी नको. हरवलो, तं हाय तशाच ऱ्हातील."

हसावं की रागवावं ते मला कळेना. तेवढ्यात सईदाभाभी आतून म्हणाल्या, "न्या, मास्तर. पन जसे नेताय तसेच परत आना. काल्हेरला जमलं न्हाय त्यांना."

गुरुवारी मी घसा बसल्याचं कळवून शाळेला दांडी मारली. पहिल्या एसटीने दुगाडला उतरलो आणि गुमताऱ्याचा डोंगर चढू लागलो. गाव मागे पडलं तसे हाशिमभाई थबकले आणि कान टवकारून म्हणाले, "आज शुक्रवार हाय का?" शुक्रवारी लूम बंद असतात. एवढी शांतता त्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकलीच नव्हती.

अर्ध्या चढावर त्यांना एका झाडाखाली सोडलं. हातात माझ्या क्रमाची प्रत आणि भाभींनी दिलेला डबा. लबाडी नको म्हणून त्यांच्या क्रमाची प्रत मी स्वतःच्या गळ्यात घातली. वरच्या कातळावर लपून त्यांची फजिती बघायची, असा माझा बेत होता. कातळाकडे आडवाटेने, कारवीतून निघालो.

डोक्याच्या वर कारवी. अर्ध्या तासाने कातळ उजवीकडे दिसायचा तो डावीकडे दिसला. थोड्या वेळाने दिसेनासाच झाला. आणि मग पंचवीस वर्षं डोंगर तुडवलेला मी धावलो. खाली धावलो, वर धावलो, तोंडाने अखंड "हाशिमभाई! हाशिमभाई!" चालूच. एक चप्पल गेली, बाही फाटली, पाय मुरगळला. खोटं कशाला बोलू, मी विलक्षण घाबरलो होतो. स्वतः लिहिलेल्या शहाण्णव पानांतलं एक अक्षर आठवेना.

पुस्तक छातीवर आपटत होतं. कव्हर उघडलं. 'म्हणून घाबरून धावू नये. आहे तिथे खाली बसावे.'

मी बसलो. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून बसवल्यासारखा बसलो आणि मला चक्क रडू आलं. पुढचं वाक्य होतं, 'तीन हाका माराव्यात, मग शंभर आकडे मोजेपर्यंत गप्प राहून ऐकावे.' तीन हाका मारल्या. साठाच्या आसपास पोचलो, तेव्हा खालून कुणीतरी कुकारा घातला. मी ते केशरी लोढणं गळ्यातून काढून डोक्यावर फिरवू लागलो.

कारवी बाजूला सारत पुढे आली लाकडं गोळा करणारी ठकुबाई, आणि तिच्यामागून डबा सांभाळत हाशिमभाई.

"कवाचा बोंबलतोस!" ठकुबाई माझ्यावर ओरडली. "आमी वो देतोय, पन तुजं तोंड थांबंल तवा तुला ऐकू येल ना! त्यो भगवा फडका दिसला म्हनून गावलास. आन ह्यो तुजा सोबती झाडाखाली घोरत व्हता. मला वाटला, मेला का काय!"

हाशिमभाईंनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. त्यांनी माझा फोटो पाहिला, आशीर्वाद वाचला, मुख्याध्यापकांचे दोन शब्द सुरू केले आणि तिसऱ्या पानावर त्यांना झोप लागली. ठकुबाईने उठवेपर्यंत ते जागचे हलले नव्हते.

"शर्त तुमी जिंकलात, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या पुस्तकानं मला हरवू दिलं न्हाय." त्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खऱ्या शुक्रवारी, लंगडत दुकानात गेलो. गल्ली चिडीचूप होती. सुट्टीच्या दिवशी हाशिमभाई एकटेच पाटावर बसून सुरीने शिवण उसवत होते. अकरा प्रती उसवून झाल्या होत्या. बाराव्या प्रतीवर मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या."

"आन शर्त?"

"शर्त गेली खड्ड्यात. त्या अकरा पुन्हा शिवा, मी सूत ओवून देतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू विचारलं, "तो 'म्हणून' खोडू का?" मी नको म्हटलं.

रविवारी साहेब भाषणाला उभे राहिले, तशी मान देण्यासाठी सगळी शाळा उभी राहिली. साहेबांनी पुस्तक उघडलं, आशीर्वाद शोधला, सापडेना. मग काहीतरी वाचायला हवं म्हणून मोठ्याने वाचलं, "म्हणून घाबरून धावू नये. आहे तिथे खाली बसावे." सगळी शाळा खाली बसली. मी मुख्याध्यापक झालो नाही. त्याची कारणं वेगळी होती, असं मी तरी सांगतो.

पुस्तक मात्र खपलं. वडप्याचे ट्रकवाले ते आरशाला टांगायचे. एका लूममालकाने पहिलं पान फाडून भिंतीला चिकटवलं. उरलेलं पुस्तक कुठे आहे, ते मी विचारलं नाही.

१९९६ साली हाशिमभाई गेले. कब्रस्तानातून परतताना, ज्या निजामपुऱ्यात मी तीस वर्षं वावरलो, तिथे माझी वाट चुकली. त्यांच्यासाठी आसपासचे लूम बंद ठेवले होते, आणि त्या खडखडाटाशिवाय एक गल्ली दुसरीपासून वेगळी ओळखू येईना. त्यात डोळे भरलेले. मी भराभर चालू लागलो. मग थांबलो, आणि कुणाच्या तरी पायरीवर खाली बसलो. हाका मारण्यात अर्थ नव्हता. नुसतेच आकडे मोजू लागलो. सत्तरच्या पुढे कुठेतरी लांब एक लूम सुरू झाला आणि मला वाट कळली. तरी शंभर होईपर्यंत मी बसून राहिलो.